बाबा कोणत्या खान्यात?

३ फेब्रुवारी, मंगळवार

नाही म्हणाले. चहा नको म्हणावं तसं, सरळ — नाही!

सर्जन चांगले आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी स्टूल ओढून बाबांजवळ बसून सांगितलं. डाव्या पायाची तीन बोटं काळी पडलीत. साखरेमुळे तिकडे रक्तच पोचत नाही, आणि खाली जखमेत पू आहे. आत्ता नुसता पुढचा पंजा काढला तर टाच वाचेल, खास बूट घालून बाबा चालू शकतील. थांबलो तर ते वर सरकणार. मग घोटा, मग गुडघा, मग — पुढचं त्यांनी तोंडाने सांगितलं नाही, हाताने नुसतं वर दाखवलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. म्हणाले, "नको. कापायचं नाही." सर्जननी कारण विचारलं तर म्हणाले, माझा पाय आहे.

दादाने कपाळावर हात मारून घेतला. आई खिडकीशी उभी होती, बाहेर बघत. आणि मी हसले. चक्क हसले. घाबरले की मला हसू येतं, लहानपणापासूनची खोड आहे.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, तुझं ऐकतात ते, तूच काहीतरी कर. करतेच. लोकांकडून 'हो' काढणं हाच तर माझा धंदा आहे!

४ फेब्रुवारी, बुधवार

हॉस्पिटलची लिफ्ट बंद. पाच मजले चढून धापा टाकत गेले. बाबा पलंगावरूनच म्हणाले, "बिघडलेली नसेल. कुठल्या तरी मजल्यावर दार उघडं राहिलं असेल. एक दार उघडं असलं की ती जागची हलत नाही." जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता पडल्या पडल्याही त्याच. खरंच तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी दाराला कचऱ्याचा डबा लावून ठेवला होता. सिस्टर म्हणाली, आजोबा, तुम्हालाच ठेवून घेतो इथे. बाबा खूश. माणूस आनंदात आहे, पाय सडतोय!

मग ऑफिस. आमचा फोनवरचा खेळ. खेळात प्रत्येकाला एक घर, एक अंगण. बी पेरा, नाणी मिळवा, शेजाऱ्यांकडे जा, नव्या वाटा उघडा, कुणाशी शर्यत लावा. मी तो बनवत नाही. मी खेळणारे ओळखते. कोण कुठे बोट ठेवतो, कुठे थांबतो, कुठून परत फिरतो, त्यावरून माणूस कसा आहे ते ठरवायचं आणि उद्या तो काय करेल ते आज सांगायचं. आम्ही माणसांचे चार खाने केलेत. ऑफिसात त्यांना भारी भारी नावं आहेत. माझी आपली साधी. साठव्या, भटक्या, गप्पिष्ट आणि भांडकुदळ.

हे खाने खेळापुरते नसतात, हे मी पैजेवर दाखवून देते. आमच्या कॅन्टीनमध्ये उभं राहायचं. भटक्या मेनू शेवटपर्यंत वाचतो. गप्पिष्ट आधी विचारतो, तू काय घेतोयस? भांडकुदळ म्हणतो, परवा थंड दिलं होतंत. आणि साठव्या जाताना सॉसच्या दोन पुड्या खिशात टाकतो. कोण कुठला फोन घेईल, नोकरी सोडेल का, बायकोशी भांडण झाल्यावर आधी कोण बोलेल — सगळं सांगता येतं. फार क्वचित चुकते मी.

आणि बाबा आमचा खेळ खेळतात! तीन वर्षांपूर्वी मीच त्यांच्या फोनवर घालून दिला होता. म्हणजे त्यांचा सगळा स्वभाव ऑफिसच्या मशिनात भरलेला आहे. एकेका माणसाचं खातं उघडून बघायची आम्हाला परवानगी नाही. बघितलं. नोकरी गेली तर गेली.

बाबा साठव्या आहेत. शंभर टक्के साठव्या! रोज दुपारी जेवणानंतर खेळतात. शेजारच्या अंगणात जातात, पाणी घालतात, त्याचं एक नाणं मिळतं ते घेऊन परत येतात. रोज तेच. ढिगाने नाणी जमलीत आणि एकही खर्च केलेलं नाही. घराला रंग नाही, कुंपण नाही, काही नाही. कंजूष म्हातारा! गेल्या काही महिन्यांत बोट फार मंद चालतंय. डोळे असणार. साखर डोळ्यांनाही सोडत नाही.

साठव्या म्हटल्यावर किल्ली सापडली. उद्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

साठव्याला काय मिळेल ते सांगायचं नसतं. काय जाईल ते दाखवायचं. हा आमच्याकडचा पहिला धडा.

तसंच केलं. स्टूलवर बसले आणि एकेक मोजून दाखवलं. स्वतःच्या पायांनी न्हाणीघरात जाणं जाईल. जिना जाईल. खाली न्हाव्याच्या बाकावर दुपारी बसून जगाला शिव्या देणं जाईल. थोडं दिलंत तर हे सगळं राहील, नाही दिलंत तर सगळंच जाईल. मी इतकं छान बोलले! माझं मलाच भरून आलं.

बाबा म्हणाले, बरोबर आहे तुझं. मी म्हटलं, मग? म्हणाले, मग काही नाही, सिस्टरला सांग उशी बदलायला.

आई सफरचंद सोलत होती. हल्ली साल इतकी जाड काढते की अर्धं सफरचंद सालीतच जातं. मन थाऱ्यावर नाही तिचं. एरवी माझ्या बाजूने दोन शब्द बोलली असती. आज मान खाली घालून सोलत राहिली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सिस्टर म्हणते पाऊल गरम लागतंय. आज मी नुसती पाय बघत बसले.

७ फेब्रुवारी, शनिवार

सगळी माणसं एका खान्यात पुरती बसत नाहीत. थोडा दुसरा स्वभाव मिसळलेला असतो. बाबांमध्ये भटक्या असणारच, नाहीतर आयुष्यभर अंधाऱ्या लिफ्टच्या विहिरीत टॉर्च घेऊन कोण उतरेल! भटक्याला भीती दाखवून उपयोग नाही. त्याला नवीन काहीतरी दाखवायचं.

म्हणून कृत्रिम पाय बनवणारा कारागीर बोलावून आणला. हातापाया पडून. तो पिशवीत दोन पाय घेऊन आला, एक पंजा आणि एक अख्खा गुडघ्याखालचा. बाबांचे डोळे लकाकले. पंजा उलटा केला, सुलटा केला, स्क्रू कुठल्या मापाचा, घोट्याला स्प्रिंग आहे की रबर, पाणी गेलं तर गंजणार नाही का. तासभर! कारागीर इतका खूश की त्याने स्वतःची पँट वर करून दाखवली. त्याचाही एक पाय तसलाच. आम्हा कुणाला कळलंही नव्हतं चालताना. आता म्हणणार, आता म्हणणार.

बाबांनी पंजा पुसून परत दिला. "वस्तू झकास आहे," म्हणाले. "पण मला नको."

कारागिराला खाली सोडायला गेले. तो म्हणाला, "ताई, हे घाबरलेले नाहीत. घाबरलेला माणूस पायाला हात लावत नाही." मी त्याला म्हटलं, मग काय आहे? तो म्हणाला, ते तुम्हाला माहीत, तुमचे वडील आहेत.

मला माहीत! मला माझ्या खेळातल्या लाखो माणसांचं माहीत आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

दिवस वाईट गेला. सकाळी बाबांचे मित्र जमवले — न्हावी, घड्याळवाला, त्यांच्याबरोबर काम केलेला एक हेल्पर. गप्पिष्ट माणूस चारचौघांचं ऐकतो म्हणून. चौघं मिळून जुन्या साहेबाच्या नकला करत बसले. बिस्किटांचे दोन पुडे संपवले. पायाचा विषय निघाला की बाबा दुसरा किस्सा काढत. जाताना न्हावी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "मी तीस वर्षं त्याची मान हातात धरतोय. नाही म्हणाला की नाही."

उरलं काय, तर भांडकुदळ. ते काम दादाला सांगितलं. मीच सांगितलं! म्हटलं, त्यांना डिवच, त्यांना जमणार नाही असं म्हण. दादा आधीच तापलेला. तो म्हणाला, आयुष्यभर विहिरीत लोंबकळलात आणि आता एका सुईला घाबरता? तुमच्यात दमच राहिला नाही. भित्रे झालात तुम्ही.

बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "बाहेर हो," म्हणाले.

दादा चाळिशीचा माणूस, जिन्यात बसून रडला.

आई पुढे होऊन म्हणाली, नका हो असं करू. तेव्हा बाबा तिच्याकडे वळले. म्हणाले, "मग तू बोल." आई परत खिडकीशी गेली. सगळे आम्ही असेच अडकलेले. तिने त्यांची समजूत घालावी असं त्यांना वाटत असेल? तिच्या एका शब्दाने ते ऐकतील? मग बोलत का नाही ही बाई! मला तिचाच राग आला. काय वेळ आलीय!

९ फेब्रुवारी, सोमवार

ताप. एकशे तीन.

सर्जननी चादर वर केली आणि लगेच खाली टाकली. आता पंजाने भागणार नाही. गुडघ्याखालून.

म्हणजे टाच गेली. मी खाने मांडत बसले, कारागीर आणला, बिस्किटं आणली, दादाला भरीला घातलं — आणि टाच गेली. पहिल्याच दिवशी हो म्हणाले असते तर आज बूट शिवायला टाकला असता.

सर्जन म्हणाले, अजून दोन-तीन दिवस. त्यानंतर माझ्याकडे येऊ नका. रागावून नाही म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं.

बाबांना सांगितलं. तापात होते पण कळलं त्यांना. डोळे उघडून माझ्याकडे नाही, आईकडे बघितलं. बराच वेळ. मग परत मिटले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात जावंच लागलं. आमच्या दाढीवाल्या साहेबांनी मोठी मीटिंग लावली होती. आमचे चार खाने आता दुकानांना विकायचे. कुठला माणूस कुठला साबण घेईल, कोण हप्ता चुकवेल, कोण डॉक्टरकडे वेळेवर जाईल — हे सगळं म्हणे आम्ही सांगणार. पडद्यावर आकडे. टाळ्या. साहेब माझ्याकडे हात करून म्हणाले, आमच्या या बाईंना माणसं काचेसारखी दिसतात.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. हात धुवायला आलेल्या मुलीने विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, हो. ती गप्पिष्ट. विचारणार हे मला माहीत होतं.

परत येऊन बाबांचं खातं पुन्हा उघडलं. पुन्हा पुन्हा तेच. शेजारचं अंगण, पाणी, नाणं. नाणं, नाणं, नाणं! काय साठवताय बाबा? कुणासाठी? आणि साठवणारा माणूस स्वतःचा पाय असा फुकट घालवत नाही. काहीतरी जुळत नाही. मशीन म्हणतं जुळतंय. मशीनला काय जातंय म्हणायला.

काय करू? पाया पडू? ज्या पायाचं वाटोळं होतंय त्याच पायावर डोकं ठेवू? तेही करीन. उद्या तेच करीन. दुसरं काही राहिलं नाही माझ्याकडे.

११ फेब्रुवारी, बुधवार

नीट सगळं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

दुपारी पोचले. बाबा झोपले होते. आई बाहेर बाकावर, भिंतीला टेकून, मांडीवर बाबांचा फोन. फोनच्या स्क्रीनवर आमचं हिरवं अंगण! मी लांबूनच ओळखलं. जवळ गेले तर तिने चोरी पकडल्यासारखा फोन शालीखाली घेतला. मी विचारलं, हा खेळ तू खेळतेस? कधीपासून?

"तू घालून दिलास तेव्हापासून," म्हणाली. "तुझे बाबा दुपारी खाली न्हाव्याकडे जातात. फोन घरीच पडलेला असतो. म्हटलं बघावं, लेक काय काम करते ते."

बाबा खेळतच नाहीत. कधीच नाही! नाणी, साठव्या, सगळं माझ्या आईचं. एक फोन म्हणजे एक माणूस, हे आमच्याकडे इतकं गृहीत की कुणी कधी विचारतही नाही. मीसुद्धा नाही — आणि माझ्याच आईबाबांच्या घरात दोघांत मिळून एकच टचचा फोन!

मी तिला म्हटलं, रोज शेजाऱ्याकडे जाऊन नाणी गोळा करतेस, खर्च का करत नाहीस? तिला कळेचना. नाणी कसली म्हणाली. फोन पुढे करून दाखवलं. ते शेजाऱ्याचं अंगण नव्हतं. माझं होतं. मी सुरुवातीला एकदा नमुना म्हणून काढलं होतं आणि विसरून गेले होते. गच्च हिरवं, फुलांनी भरलेलं.

"रोज जाऊन पाणी घालून यायचे," आई म्हणाली. "तू कधी घरी नसायचीस."

आम्ही नाणं मोजत होतो.

तिच्याजवळ बसून राहिले असते तर बरं झालं असतं. पण माझ्या डोक्यात एकच — बाबांबद्दल मला काहीही माहीत नाही. इतके दिवस मी दुसऱ्याच माणसाशी बोलत होते. तशीच उठून आत गेले. बाबा जागे झाले होते. ताप उतरला होता थोडा. मी स्टूलवर बसले. या वेळी काही ठरवून आणलं नव्हतं. म्हटलं, बाबा, मला काही समजावायचं नाही. मी हरले. का नको म्हणता एवढंच सांगा. मग मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, पण बसले.

बाबा म्हणाले, "मी शब्द दिलाय. मी सांगणार नाही." मग म्हणाले, "त्या कपाटावर माझी जाड शाल ठेवलीय, वर. आईला म्हणावं, काढून दे. तू हात लावू नकोस."

मला वाटलं, तापात बरळताहेत. पण आईला हाक मारली. ती आली. कपाटाकडे बघितलं. बाबांकडे बघितलं. आणि डावा हात वर केला. टाचा उंचावून, चाचपडत. शाल हाताला लागेना.

माझी आई उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने जेवते. मघाशी बाकावर फोन मांडीवर ठेवून ती डाव्या हाताच्या बोटाने खेळत होती. सफरचंद डाव्या हाताने सोलत होती. मी बघत होते. काचेसारखं दिसतं मला!

म्हटलं, आई, उजव्या हाताने काढ.

ती पलंगाच्या कडेवर बसली. बाबा म्हणाले, "मी सांगितलेलं नाही हं." आणि तिने सांगितलं. हात वर जात नाही, कित्येक महिने झाले. केस हेच विंचरून देतात. ब्लाउजची बाही घालताना यांच्याच हाताला लागली — काखेपाशी गाठ, लिंबाएवढी. डॉक्टरकडे चल म्हणाले. ती म्हणाली नाही. मावशीला अशीच गाठ होती, तिला टेबलावर घेतलं आणि ती परत घरी आली नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आईचं म्हणणं, कळलंच नाही तर निदान झोप तरी लागते. मुलांना सांगायचं नाही अशी शपथ घातली. बाबांनी ती पाळली. पण सर्जननी पायाचं सांगितलं त्या दिवशी, आम्ही बाहेर गेल्यावर, ते तिला म्हणाले, तू गाठ दाखवल्याशिवाय मी पायाला हात लावू देणार नाही.

तेव्हापासून हे चाललं होतं! आमच्या नाकासमोर!

मी आईला म्हटलं, अगं, त्यांचा घोटा गेला, आता अर्धा पाय जाईल, तू बघत राहिलीस? ती रडत नव्हती. म्हणाली, "मला वाटलं ताप चढला की घाबरून हो म्हणतील. ओळखते ना मी यांना." बाबा म्हणाले, "आणि मला वाटलं, काळा पाय बघून ही तरी हलेल. मीही ओळखतो."

दोघंही एकमेकांचा अंदाज बांधून बसलेले. इतकी वर्षं एका घरात काढून. मी दोघांवर ओरडले. काय काय बोलले आठवत नाही, सिस्टर धावत आली. वेडे आहात तुम्ही दोघं, असं काहीतरी. बाबा शांतपणे म्हणाले, "ओरडू नकोस. दार सापडलंय ना तुला आता? मग बंद कर."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी आईला खाली तपासायला नेलं. दंडाला धरून, अक्षरशः. जिन्यात दोनदा थांबली, म्हणाली उद्या जाऊ. मी म्हटलं, उद्या नाहीये बाबांकडे. मग आली. गाठीत सुई घालून थोडं बाहेर काढलं, तपासणीला पाठवलं. डॉक्टरणीने हात लावून बघितलं आणि चेहरा कोरा ठेवला. मी त्या चेहऱ्यावरून काही काढायचा प्रयत्न केला नाही. आता नाही.

वर आलो. सर्जन कागद घेऊन उभे. बाबा आईला म्हणाले, आधी पट्टी दाखव. आईने शाल बाजूला केली, काखेपाशी चिकटवलेला कापूस दाखवला. बाबांनी चष्मा लावून नीट बघितला. कापूस खरा आहे की नाही बघतात की काय!

मग सही केली. लिफ्टच्या तपासणीच्या कार्डावर करायचे तशीच, खाली दोन रेघा ओढून.

दादाने त्यांचे पाय दाबले. दोन्ही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. गुडघ्याखाली. बाबा शुद्धीवर आले तेव्हा पहिला प्रश्न — तिचा रिपोर्ट? सोमवारी, म्हटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

साहेबांचा फोन आला होता. मी कुणाचं खातं उघडलं ते त्यांना कळलंय. उद्या भेट म्हणाले. जे व्हायचं ते होवो, मला आत्ता तेवढी जागाच नाही डोक्यात.

आई दिवसभर बाबांजवळ. ती त्यांना भरवते, डाव्या हाताने, अर्धं अंगावर सांडतं. ते पुसून घेतात. मी बाकावर बसून बाबांच्या फोनवरच्या तिच्या अंगणात गेले. पाणी घातलं. उद्याचं काय ते सुचेना म्हणून परत घातलं. गाठ तसली निघाली तर बाबा काय करतील? आई काय करेल? मी किती वेळा विचारलं स्वतःला. मावशीचा चेहरा येतो डोळ्यांपुढे.

देवा, निदान पाय फुकट जाऊ देऊ नकोस. निदान वेळेत सापडलेली असू दे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चरबीची गाठ. साधी. काही करायची गरज नाही. खांदा नुसता आखडलाय, व्यायामाने सुटेल.

म्हणजे पाय —

दादाला सांगण्याचं धाडस होईना, आई तर भिंतीला धरून उभी. मीच सांगितलं. बाबांनी एकदा चादरीवरची ती सपाट जागा हाताने चाचपली. मग आईकडे बघितलं.

"मग स्वस्तात सुटलो," म्हणाले.